छातीतली कळ थांबली, तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नका

पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, रविवारी सिंहगड. पुण्यात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसं नेमाने चढ चढतात. त्यांतल्या काहींना पहिल्याच चढाला छातीत दाटून येतं, डावा हात भरून येतो. दोन मिनिटं कठड्याला टेकलं की बरं वाटतं आणि पुढचा चढ सहज पार पडतो. "गॅस धरला होता, चालून मोकळा झाला," म्हणून विषय संपतो. कळकळीने सांगतो, तो तिथे संपवू नका.

हृदयाला रक्त कमी पडलं की शरीर आपल्यापुरती सोय करतं. अफूच्या जातीची काही रसायनं आपल्या शरीरातच तयार होतात. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी त्यांतली पहिली दोन, एन्केफॅलिन नावाची, डुकराच्या मेंदूत ओळखली. ही रसायनं वेदना बोथट करतात. हृदयाच्या पेशींना तग धरायलाही ती मदत करत असावीत, कारण अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर उंदरांच्या हृदयाचं हे संरक्षण नाहीसं झालं.

पण हे संरक्षण किती वेळ पुरतं? १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी आधी पाच-पाच मिनिटं चारदा बंद केली आणि मग सलग ४० मिनिटं. अशी पूर्वतयारी झालेल्या हृदयात मेलेला स्नायू इतरांच्या चौथ्या हिश्श्याएवढाच निघाला. मात्र धमनी तीन तास बंद ठेवल्यावर दोन्हींत काही फरक उरला नाही. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. शरीर थोडा वेळ मिळवून देतं. चोंदलेली धमनी ते उघडत नाही. तो वेळ सोडा-लिंबू पिऊन वाट पाहण्यात घालवायचा नसतो.

हाताचं रक्त थोडा वेळ अडवलं तर हृदयालाही असंच संरक्षण मिळेल, या आशेने दंडाला पट्टा आवळण्याचा घरगुती प्रयोगही करू नका. हृदयविकाराचा झटका आलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवर रुग्णालयांत हा उपाय करून पाहिला गेला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू किंवा हृदय निकामी होणं त्याने कमी झालं नाही.

मधुमेह असेल तर जास्तच जपा. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलंय की सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी भरपूर असू शकते. २००४ मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. तेव्हा "मी तर बारीक आहे, मला कुठला मधुमेह" यावर विसंबू नका. जुन्या मधुमेहात नसा बधिर होऊ शकतात आणि मग झटका आला तरी कळ येईलच असं नाही. कधी नुसता दरदरून घाम, धाप, मळमळ किंवा अचानक गळून जाणं एवढंच होतं. बायकांमध्येही पुष्कळदा असंच होतं, आणि त्या घरातलं काम आवरून मग सांगतात. आई, आत्या, काकू असं म्हणाल्या तर त्यांना तिथल्या तिथे बसवा.

चढताना येणारी कळ थांबल्यावर जात असेल, तर टेकडी बंद ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी कळ आली, किंवा दहा मिनिटं टेकूनही राहिली, तर १०८ ला फोन करा. स्वतः स्कूटरवर निघू नका. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर ती पहिल्यांदा विचारतील. पहिला ईसीजी चांगला आला तरी घरी जाण्याची घाई नको. तो पुन्हा काढावा लागतो.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घराजवळ चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे होते ते विचारून घ्या, आणि तो फोन नंबर घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लिहून लावा.