नदीला तिची वाळू परत द्या

उजनी धरणातून भीमेत पाणी सुटलं की सोलापूरकर नळाकडे बघतो, पंढरपूरकर एकादशीकडे आणि काठचा शेतकरी आपल्या मोटारीकडे. पाण्यासोबत काय आलं नाही, ते मात्र कुणी बघत नाही. ते बघायला आम्ही एकत्र आलोय.

१९८० साली धरण पुरं झालं. त्याच्या जलाशयात, यशवंतसागरात, ११७ टीएमसी पाणी मावतं. पुण्याकडून येणारा पूर भिगवणच्या बाजूला जलाशयात शिरला की मंदावतो आणि हातातलं ओझं खाली टाकतो. आधी वाळू बसते, मग पुढे भिंतीपर्यंत बारीक गाळ. दरवाजातून बाहेर पडतं ते निवळलेलं पाणी. ते दिसायला चांगलं, पण वाहत्या पाण्याला काहीतरी वाहून न्यायचंच असतं. वरून मिळालं नाही तर ते तळ खरवडतं, डगरी पोखरतं. नदीचे अभ्यासक त्याला ‘भुकेलं पाणी’ म्हणतात. काठावरची जमीन ढासळली की आपण पुराला शिव्या देतो. या भुकेचा हिशेब कुणी मांडत नाही.

त्यात आपला मुलूख काळ्या कातळाचा. हा दगड झिजला की माती भरपूर होते, वाळू थोडी. म्हणजे भीमेच्या पात्रातली वाळू ही शेकडो वर्षांची शिल्लक होती. वरून येणारी भर धरणानं थांबवली आणि उरलेली शिल्लक आपण ब्रासच्या भावानं विकली, काही लिलावात, बरीचशी रात्रीच्या अंधारात.

वाळूबरोबर काय गेलं? झिरा गेला. हातभर उकरलं की गाळून आलेलं गोड पाणी लागायचं. पात्रातली कलिंगडं गेली. नदीसुरय उघड्या वाळूवर अंडी घालतो. त्याला आता चिलारीचं रान आणि चिखल. वाम, शिंगटा धरणाऱ्या भोयाच्या जाळ्यात चिलापी येते. आणि पंढरपूरचं वाळवंट! नामदेवांचं कीर्तन जिथं रंगलं असं आपण सांगतो, तिथं आज उपशाच्या खड्ड्यांचा अंदाज न आल्यानं भाविक बुडाल्याच्या बातम्या वाचाव्या लागतात.

आम्ही धरणाच्या विरोधात नाही. आमचा ऊस, आमची डाळिंबं, आमच्या घरचा हंडा उजनीवरच चालतो, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचं ऋण आमच्यावर आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ची योजनाही आम्हाला मान्य. फक्त त्या नावात नदी कुठंच नाही. पाणी जलसंपदाचं, वाळू महसूलची, मासे मत्स्यव्यवसायचे, पक्षी वनखात्याचे. नदीच्या वाट्याचा गाळ कुणाच्याच फायलीत नाही.

पाण्याचं आवर्तन ठरतं तसं गाळाचंही ठरलं पाहिजे. पावसाळ्यात धरण भरत आल्यावर, खालच्या गावांना आधी कळवून, नदीत पाणी सोडताना गाळ पुढे सरकेल अशी वेळ आणि असा वेग राखा. मोऱ्या उघडून वाळू येणार नाही, हे आम्हाला कळतं. ती तर वर जलाशयाच्या शेपटाकडे बसलीय. म्हणून तिथून जी काढाल तिचा ठरावीक हिस्सा टिप्परनं आणून धरणाखाली पात्रात टाका. हसू नका. टिप्परनं न्यायला जमलं, मग आणायला का जमू नये? जर्मनीत ऱ्हाईन नदीवर इफेट्सहाइमच्या बंधाऱ्याखाली १९७८पासून खडी-वाळू टाकतात, कारण तिथंही तळ खचत होता.

पावसाळ्यात भीमेवरच्या बंधाऱ्यांचे बर्गे पूर्ण निघाले पाहिजेत, दोन-चार ठेवून नव्हे. आणि पुरानं किती वाळू परत आणली ते मोजल्याशिवाय एकाही घाटाचा लिलाव नको. नीरा नरसिंगपूरच्या संगमापासून काही पट्टे तर कायमचे सोडा, फावडंसुद्धा न लावता.

चळवळीला अजून नाव नाही. भीमा, भीमरथी, चंद्रभागा अशी नदीलाच पुष्कळ आहेत. वर्गणीही नाही. पहिलं काम वहीचं: नरसिंगपूरपासून सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलपर्यंत प्रत्येक गावातला डोह, उतार, बेट, वाळवंट यांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायची. जागा कुठं होती, वाळू किती खोल होती, शेवटची कधी पाहिली. आमच्यात सामील व्हायला येताना आपल्या गावचं पान भरून आणा.