कृमींवरची लस आली, पण पेच कायम

शेळ्या-मेंढ्यांच्या जठरात रक्त शोषणारा 'हिमॉन्कस' हा कृमी एकेका औषधाला पचवू लागला आहे. त्यामुळे पशुवैद्यकांचे लक्ष लशीकडे वळणे अपरिहार्यच होते. स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्थेने विकसित केलेली 'बार्बरव्हॅक्स' ही लस २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात उपलब्ध झाली.

या लशीची कार्यपद्धती वेगळी आहे. कृमीच्या आतड्याच्या अस्तरातील प्रथिने मेंढीला टोचली जातात. त्यांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे कृमी रक्तासोबत गिळतो; त्याचे पचन बिघडते आणि अंड्यांची संख्या घटते.

मात्र बलस्थान तेच दुबळेपणही आहे. नैसर्गिक संसर्गात ही प्रथिने मेंढीच्या रोगप्रतिकार यंत्रणेसमोर येतच नाहीत. त्यामुळे संरक्षण टिकवण्यासाठी सुरुवातीच्या मात्रांनंतरही साधारण दर सहा आठवड्यांनी टोचणी आवश्यक ठरते. शिवाय प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिकृती अपेक्षित संरक्षण देऊ शकल्या नाहीत. परिणामी, लशीसाठी लागणारे कृमी मेंढ्यांच्या जठरातूनच गोळा करावे लागतात.

कुंपणातील कळपाला हे वेळापत्रक परवडेल. चाऱ्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या महाराष्ट्रातील मेंढपाळाला ते पाळणे अवघड आहे. कमी मात्रांची, कृत्रिमरीत्या बनवता येणारी लस हाती येईपर्यंत उरलेली औषधे जपून वापरणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. पापणीच्या आतील भाग फिका पडलेल्या जनावरालाच औषध देण्याची, दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली पद्धत त्यासाठी उपयुक्त आहे. सरसकट संपूर्ण कळपाला औषध पाजण्याची सवय मात्र सोडावी लागेल.