एक्सप्लेनर : बस मोठी हवी की लवकर यायला हवी? छोट्या शहरांचे गणित कुठे चुकते, समजून घ्या

महापालिकेच्या ताफ्यात नव्या बस आल्या की बातमी ठरलेली असते : किती बस, किती कोटींच्या, किती आसनी. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. पुढची बस किती मिनिटांनी?

हा प्रश्न आताच का?

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेला मंजुरी दिली. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी १० हजार ई-बस, असे तिचे स्वरूप आहे. त्यात १२, ९ आणि ७ मीटर लांबीच्या बसचे पर्याय आहेत. म्हणजे कोणत्या मार्गावर किती मोठी बस हवी, याचा विचार शहरांना करावाच लागणार आहे.

गणित काय सांगते?

समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन बसला ६० मिनिटे लागतात. तिथे दोन मोठ्या बस सोडल्या तर दर ३० मिनिटांनी एक बस मिळेल. चार छोट्या सोडल्या तर दर १५ मिनिटांनी. आसने जवळपास तेवढीच. पण वेळापत्रक न पाहता आलेल्या प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा १५ मिनिटांवरून साडेसात मिनिटांवर येते.

छोट्या शहरात हा फरक जास्त जाणवतो, कारण अंतरे कमी असतात. तासाभराच्या प्रवासासाठी १५ मिनिटे थांबणे चालून जाते. चार-पाच किलोमीटरसाठी तेवढे कोण थांबेल? शिवाय अर्ध्या तासाने येणारी एक फेरी रद्द झाली, तर पुढच्या बससाठी तासभर जातो. मग ज्याला परवडते तो दुचाकी घेतो. बाकीचे शेअर रिक्षा किंवा वडाप पकडतात. प्रवासी घटले की उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की फेऱ्या कमी होतात आणि प्रवासी आणखी घटतात.

मग सगळ्याच बस छोट्या का नकोत?

कारण बस अर्धी झाली तरी खर्च अर्धा होत नाही. बस कितीही लहान असली तरी चालक एक लागतोच. चार बस म्हणजे प्रत्येक पाळीला चार चालक. ई-बस योजनेतील केंद्राची मदतच पाहा : १२ मीटरच्या बसला प्रतिकिलोमीटर २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये. लांबी पाच मीटरने घटते, मदत फक्त चार रुपयांनी.

दुसरी अडचण गर्दीची. सकाळी कॉलेज सुटण्या-भरण्याच्या वेळी छोटी बस दुसऱ्याच थांब्यावर भरते. पुढच्या थांब्यांवरच्यांना दर १५ मिनिटांनी भरलेली बस दिसून उपयोग काय?

हा प्रयोग कुठे झाला आहे?

इंग्लंडमधील एक्सेटर या छोट्या शहरात १९८४ मध्ये मोठ्या बसच्या जागी १६ आसनी मिनीबस आणून फेऱ्या वाढवण्यात आल्या. प्रवासी वाढले. पुढे ब्रिटनमधील अनेक शहरांनी हा मार्ग धरला. पण गर्दी वाढली तिथे पुन्हा मोठ्या बस आणाव्या लागल्या. पुण्यात २०२१ मध्ये पेठांच्या अरुंद रस्त्यांसाठी ‘पुण्यदशम’ ही छोट्या बसची सेवा सुरू झाली. दहा रुपयांत दिवसभर प्रवास, अशी तिची कल्पना होती.

शहरांनी काय करावे?

आधी मिनिटे ठरवावीत, मग बसची लांबी. मुख्य रस्त्यावर गर्दीच्या वेळी मोठी बस, पेठा-उपनगरांत आणि दुपारी छोटी, असा मिश्र ताफा ठेवावा. दिवसातून दोन-चार फेऱ्यांचे वीस मार्ग कागदावर छान दिसतात. त्यापेक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी बस मिळणारे सहा मार्ग लोकांच्या जास्त कामाचे. आणि चालकांच्या पगाराची तरतूद बस घेण्यापूर्वीच अर्थसंकल्पात दिसायला हवी. चालक नसतील तर नवी बसही आगारातच उभी राहते.

दुचाकी नसलेले विद्यार्थी, घरकामाला जाणाऱ्या महिला आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी बस हाच स्वस्त पर्याय आहे. त्यामुळे तुमच्या शहरात पुढच्या वेळी नव्या बसचे लोकार्पण होईल, तेव्हा नगरसेवकाला एवढेच विचारा : आमच्या थांब्यावर आता किती मिनिटांनी बस येणार?