कॅमेऱ्याला बंदी नको, जागा ठरवून द्या

मा. संपादक,


आमच्या मंडळीच्या कमिटीपुढे सध्या एक मागणी आली आहे. लग्नविधी चालू असताना फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला यांना चर्चच्या आत येऊ देऊ नये. फोटो काढायचे ते विधी संपल्यावर, बाहेर मांडवात. मी लिंबायतमध्ये लग्नाचे आणि साखरपुड्याचे फोटो काढून पोट भरतो, तेव्हा मी बंदीच्या विरोधात बोलणार हे कुणीही ओळखेल. पण आधी एक कबूल करतो. ही मागणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांची तक्रार खरी आहे, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. साक्रीकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका कुटुंबातलं लग्न होतं. अंगठी घालताना नवरदेवाचा हात थरथरला आणि माझा फोटो हलला. मी पाळकसाहेबांकडे न बघताच बोलून गेलो, "परत एकदा घाला, इकडे बघून." त्यानं अंगठी काढली, पुन्हा घातली. लोक हसले. मीही हसलो. फोटो चांगला आला.

जेवणाच्या वेळी नवरीच्या आजीचा फोटो काढायला गेलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, मी ते तुनी पाठच दखी." रागानं नाही, सहज म्हणाली. नातीचं लग्न बघायला ती गावाहून एसटीनं आली होती. घरच्यांनी तिला मानानं पहिल्या बाकावर बसवलं होतं. आणि ती आणि तिची नात यांच्यामध्ये मी, व्हिडिओवाला आणि लाईट धरणारा पोरगा असे आम्ही तिघे भिंतीसारखे उभे होतो. त्या लग्नाचा अल्बम सगळ्यांना आवडला. माझ्या मनात मात्र आजीचं ते वाक्य राहिलं.

असं का होतं? आम्ही मुद्दाम करत नाही. आम्ही हा धंदा कसा शिकतो, त्यात त्याचं मूळ आहे. मी लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी करायचो. सुट्टीच्या दिवशी एका स्टुडिओवाल्याबरोबर लाईट धरायला जाऊ लागलो. पहिलं वर्ष लाईट धरण्यात आणि वायरी गुंडाळण्यात गेलं. पुढे कॅमेरा हातात आला, तोही हप्त्यावर. मग एकेक गोष्ट मार खाऊन शिकलो. नवरीची पांढरी साडी किंवा गाऊन समोर असला की कॅमेरा फसतो, सगळं राखाडी काढतो. तिथे उजेड एक पायरी वाढवावा लागतो. साखरपुडा बहुतेक घरातच असतो, दहा बाय पंधराची खोली, निळी भिंत, वर ट्यूबलाईट. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर फार वेगात ठेवलं तर फोटोत पट्टे येतात. शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की येत नाहीत. नाहीतर सरळ ट्यूब बंद करायची, दार उघडायचं आणि मुलीला दाराकडे तोंड करून बसवायचं. त्याच्यासारखा उजेड विकत मिळत नाही.

हे सगळं मला कुणी ना कुणी शिकवलं. पण चर्चमध्ये उभं कुठे राहायचं, हे कुणीच शिकवलं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे ही बसून शिकायची विद्या आहे, हे आपल्या लोकांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी पटलं होतं. आज आमच्या भागातला पोरगा मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकतो. त्यात लेन्स कळते, विधी कळत नाही. कॅमेरा घेऊन आलेल्या दहांतल्या आठ जणांनी त्याआधी ख्रिस्ती लग्न कधी पाहिलेलंही नसतं. वचनं कधी होणार, प्रार्थना कधी, अंगठ्या कधी, हे ठाऊक नसलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला फोटोग्राफर पुढे पुढे सरकत जातो. शेवटी तो थेट वेदीच्या पायरीवर चढतो.

हा प्रश्न फक्त आपल्या चर्चचा नाही. मी शेजाऱ्यांचीही लग्नं करतो. मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होतो तो एकदाच. निकाहमध्ये मुलगी कबुली देते ती घडी मोजकीच असते. तिथेही लोकांच्या डोळ्यांपुढे आमच्याच पाठी असतात, आणि तिथल्या आज्याही मनातल्या मनात हेच म्हणत असतील.

मग बंदीच का नको? त्याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, आपण बहुतेक सगळे धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी इथे आलेली माणसं आहोत. कित्येक घरांत आजोबांचा एकमेव धड फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. माणूस गेल्यावर तोच फोटो आमच्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, यातला चेहरा मोठा करून द्या. पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी घरात शिरलं की लोक आधी धान्य आणि गॅस वर उचलतात. अल्बम खालीच राहतो. पानं एकमेकांना चिकटलेले असे अल्बम मी हातात घेतले आहेत. ते बघताना घरातल्या बायकांचा चेहरा कसा होतो, तो एकदा बघावा आणि मग फोटोला हौस म्हणावं.

दुसरं, फोटोग्राफर बाहेर ठेवला म्हणून कॅमेरा बाहेर राहणार नाही. पन्नास पाहुणे पन्नास मोबाईल घेऊन बाकांवरून उठतील. एका माणसाला शिस्त लावता येते, पन्नासांना लावणं कठीण.

तिसरं, ख्रिस्ती लग्न ही मुळातच साक्षीची गोष्ट आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही पाळकाशिवाय निदान दोन साक्षीदार हजर असावे लागतात, आणि रजिस्टरवर सह्या होतात. नवरीनं पेन हातात घेऊन सही केली, शेजारी तिच्या बापानं वाकून बघितलं, हा फोटो मी कधी चुकवत नाही. तोही एक पुरावाच आहे. पण साक्षीदाराचं काम बघण्याचं असतं. त्यानं मध्ये बोलायचं नसतं आणि दुसऱ्याचं बघणं अडवायचंही नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की बंदी घालू नका, नियम घाला. आपल्याकडे तीन रविवार उपासनेत लग्नाची घोषणा होते. म्हणजे हाताशी निदान दोन आठवडे असतात. पहिल्या घोषणेनंतर त्या कुटुंबानं फोटोग्राफरला पाळकसाहेबांकडे आणावं. पंधरा मिनिटं पुरतात. विधीचा क्रम कागदावर द्यावा आणि उभं राहायची जागा दाखवावी. शक्य असेल तर ज्या वेळेला लग्न आहे त्याच वेळेला त्यानं चर्चमध्ये येऊन उजेड बघून जावा. कायद्यानं आपली लग्नं सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागतात, म्हणजे बहुधा खिडकीचा उजेड मिळतोच. तो कुठून येतो हे आधी कळलं तर फ्लॅशची गरजच उरत नाही.

आणि चार नियम लावावेत. वचनं आणि प्रार्थना चालू असताना फ्लॅश आणि व्हिडिओचा मोठा लाईट बंद. वेदीच्या पायरीवर कुणीही चढायचं नाही. आत एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला, दोघेही बाजूला, चौथ्या बाकाच्या मागे. आणि कुठलीही गोष्ट "परत एकदा" करायला सांगायची नाही. राहिलं ते राहिलं. चौथ्या बाकावरून लांबच्या लेन्सनं अंगठीचा फोटो नीट येतो, आणि आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं शटरही असतं. हे मी गेली तीन वर्षं करून बघितलं आहे. काही फोटो हातचे जातात, हे खरं. पण अजून एकाही घरानं पैसे कापले नाहीत.

आता थोडं घरच्यांनाही सांगतो. "आपल्याच मंडळीचा मुलगा आहे, सेवा म्हणून करेल," असं म्हणून कॅमेरा हातात असलेल्या कुणालाही फुकट उभं करू नका. मंडप, जेवण, बँड सगळ्यांना आगाऊ रक्कम देता आणि फोटोला मात्र नातं पुढे करता. तो पोरगा नाही म्हणू शकत नाही. आणि फुकट आलेल्या माणसाला नियम सांगायला तुमचीही जीभ रेटत नाही. रीतसर ठरवा, थोडी रक्कम आधी द्या, अल्बम कधी मिळणार आणि बाकी कधी द्यायची ते कागदावर लिहा, मग हक्कानं शिस्तही मागा. आणि एक यादी करा, कुठल्या वडीलधाऱ्यांचा फोटो राहून चालणार नाही त्यांची. ती घरच्याच एका माणसाच्या हातात द्या. आम्हाला मामा कोण आणि आत्या कोण हे कुठून कळणार?

योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नाची हकीकत आहे. तो चांगला द्राक्षारस कुठून आला, हे जेवणाच्या कारभाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ज्या चाकरांनी पाणी काढून आणलं होतं त्यांना ठाऊक होतं. आमचं कामही त्या चाकरांसारखंच आहे, असं मला वाटतं. आम्ही लग्न सगळ्यांपेक्षा जवळून बघतो, पण ते लग्न आमच्यासाठी नसतं.

गेल्या डिसेंबरात त्याच साक्रीकडच्या घरात धाकट्या नातीचा साखरपुडा होता. मला पुन्हा बोलावलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. आजी आता फारशी चालत नाही. तिला खुर्चीवर बसवलं होतं. मी तिच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिलो आणि तिच्या खांद्यावरून फोटो काढले. प्रत्येक फोटोत खाली कोपऱ्यात तिच्या पदराची कड आली आहे. मुलीच्या भावानं विचारलं, ही कड कापता येईल का? मी म्हटलं, येईल, पण कापू नका.

कमिटीनं निर्णय घेण्याआधी आमच्या भागातल्या फोटो-व्हिडिओवाल्यांना एकदा बोलवावं, एवढीच विनंती. मी येईन, आणि बरोबर आणखी चार-पाच जणांना घेऊन येईन. त्यातले सगळे ख्रिस्ती नसतील. पण आपल्या मुलींची लग्नं तेही टिपतात, तेव्हा त्यांनाही पहिल्या बाकावर बसवून एकदा सगळा विधी समजावून सांगावा.

आपला,
एक फोटोग्राफर
लिंबायत, सुरत