आठ गोळ्या, आठ आठवडे

मुलांनो,

सोमवार हा आमच्या शाळेत गोळीचा वार. दुपारचं जेवण झालं, हात धुऊन झाले की मुलं रांगेत बसतात आणि मी एकेकाच्या तळहातावर गुलाबी गोळी ठेवते. ही लोहाची गोळी. त्यात नुसतं लोहच नसतं बरं का! फॉलिक आम्लही असतं, आणि ते ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व आहे. तुमच्यातले जे माध्यमिक शाळेत आहेत, त्यांना अशीच गोळी निळ्या रंगाची मिळते. आठवड्यातून एक, जेवणानंतर, बाईंच्या समोर. घोटभर पाणी प्यायचं, गोळी गिळायची, ‘आ’ करून दाखवायचं आणि मगच उठायचं.

गेल्या सोमवारी एक पठ्ठ्या दोन्ही हात पुढे करून म्हणाला, “बाई, मागच्या सोमवारी मी मामाच्या गावाला होतो. माझी एक गोळी राहिली. आज दोन द्या!”

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याला एकच गोळी दिली आणि म्हटलं, “राहिलेली गोळी राहिली. तिची उधारी फेडायची नसते.”

“पण का बाई? गोळी चांगली असते ना? मग दोन घेतल्या तर दुप्पट चांगलं!”

हा त्याचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. अगदी असाच विचार आमच्या घरातही एकदा झाला होता. त्याची गोष्ट आज सांगते. यात चूक माझीच होती, हे आधीच कबूल करून टाकते.

माझ्या सासूबाईंचे गुडघे आणि पाठ सारखी दुखायची. घराबाहेर पडणं जवळजवळ बंद, म्हणजे ऊन अंगावर पडायचंच नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं, ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी झालंय. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक कॅल्शियमची, ती रोज एक. दुसरी ‘ड’ जीवनसत्त्वाची, ती आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. मी चिठ्ठी घेऊन घरी आले. सकाळची शाळा, साडेसहाची बस. चपला पायात सरकवता सरकवता दारातूनच ओरडून सांगितलं, “आई, दोन्ही गोळ्या न्याहारीनंतर घ्या हं!” झालं. ‘रोज’ कुठली आणि ‘आठवड्यातून’ कुठली, हे माझ्या तोंडातच राहिलं.

सासूबाई औषधाच्या बाबतीत फार शिस्तीच्या. त्या दोन्ही गोळ्या रोज घेऊ लागल्या. ‘ड’च्या एका पट्टीत चार गोळ्या. दोन पट्ट्या आठ दिवसांत संपायच्या. मग त्या माझ्या सहावीतल्या पुतण्याला तीच चिठ्ठी आणि पैसे देऊन दुकानात पिटाळायच्या. असं जवळजवळ दोन महिने चाललं.

मग सासूबाईंचं जेवण तुटलं. पोट साफ होईना, मळमळू लागलं. सारखी तहान लागायची आणि रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. आम्हाला वाटलं, वय झालं. एके दिवशी मी शाळेतून आले तर त्या मला ओळखल्यासारखं करीनात. भलतंच काहीतरी बोलत होत्या. तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “घरातली सगळी औषधं घेऊन या.” पट्ट्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

सांगा पाहू, काय झालं असेल?

जरा गणित करू या. पाटी-पेन्सिल घ्या. आपल्याला ‘ड’ जीवनसत्त्व रोज साधारण ६०० युनिट लागतं. त्या गोळीवर लिहिलं होतं ६०,००० युनिट. भागा! उत्तर आलं १००. म्हणजे एका गोळीत शंभर दिवसांची शिदोरी. वजनात बघाल तर त्यातलं ‘ड’ जीवनसत्त्व जेमतेम दीड मिलिग्रॅम, साखरेच्या एक-दोन दाण्यांइतकं. पण ताकद केवढी!

मग डॉक्टरांनी एवढी जबर गोळी दिली तरी कशाला? असं समजा, तुमच्या घरचा रांजण पार कोरडा पडलाय. तो भरायला आधी घागरी ओताव्या लागतात. एकदा भरला की रोज तांब्याभर पाणी घातलं तरी पुरतं. आठवड्याची एक गोळी म्हणजे एक घागर. आठ घागरी झाल्या की थांबायचं, आणि पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं. सासूबाई रोज एक घागर ओतत होत्या. रांजण भरून वाहू लागला तरी ओततच होत्या!

‘ड’ जीवनसत्त्वाचं एक मोठं काम म्हणजे अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून आणणं. ते हवं तेवढं आलं तर हाडं बळकट होतात. फाजील आलं तर रक्तात कॅल्शियम साचतं, मूत्रपिंडावर ताण येतो, माणूस गळून जातो, गोंधळतो.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं आणि ‘क’ ही पाण्यात विरघळतात. जास्त झालेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच. म्हणून ती हवी तेवढी खावीत असं मात्र नाही. ‘ब-६’ खूप दिवस जास्त घेतलं तर नसांना इजा होते. पण अ, ड, ई आणि के ही चार चरबीत विरघळणारी. आपल्या रांजणाला जशी खाली तोटी नसते, तसंच यांचं. विशेषतः ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साठून राहतात आणि लवकर बाहेर पडत नाहीत.

‘अ’ जीवनसत्त्वाची एक जुनी गोष्ट आहे. १५९७ साली विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचे खलाशी उत्तरेकडच्या बर्फात अडकले होते. भुकेपोटी त्यांनी पांढऱ्या अस्वलाचं काळीज, म्हणजे यकृत, शिजवून खाल्लं. खाणारे आजारी पडले आणि त्यांतल्या काहींच्या अंगाची कातडी सोलून निघाली. जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, १९४३ मध्ये, शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या अस्वलाच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व प्रचंड साठलेलं असतं.

आणि गंमत बघा, हेच ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. म्हणून तर अंगणवाडीतल्या बाळांना त्याचा डोस पाजतात. पहिला नवव्या महिन्यात, पुढचे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. दर सहा महिन्यांनीच, कारण तेवढा एक डोस तितके दिवस पुरतो. तेव्हा गोळी वाईट नाही, मुलांनो. कमतरता असेल तेव्हा ती हवीच. पण ती किती आणि कधी घ्यायची, हे त्या औषधाचंच एक अंग आहे.

आता आमच्या गोष्टीचा शेवट. गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं, आठवडाभर दवाखान्यात काढला. साठलेलं ‘ड’ हळूहळूच उतरतं, म्हणून पुढे कितीतरी दिवस रक्त तपासत राहावं लागलं. आता सासूबाई ठणठणीत आहेत, सकाळी अंगणात उन्हाला बसतात.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. दवाखान्याच्या बाकावर पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “काकू, मला माहीत होतं. चिठ्ठीवर आठ आठवडे लिहिलं होतं आणि गोळ्या आठ होत्या. मग दर आठ दिवसांनी का संपतात, असं मला दुसऱ्या खेपेलाच वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“आजीला कसं विचारायचं? ती म्हणाली असती, मोठ्यांना शिकवतोस का?”

काय बोलणार मी? पोराला भागाकार येत होता. चिठ्ठी वाचता येत होती. घरातल्या सगळ्यांच्या आधी चूक त्याला दिसली होती. पण विचारायला त्याची जीभ उचलली नाही. आणि मी रोज वर्गात फळ्यावर गणितं घालणारी बाई, मला पट्ट्या मोजायला सवड नव्हती.

म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. औषधाच्या बाबतीत शंका आली तर बेधडक विचारा. तो उद्धटपणा नाही. “आजी, ही रोजची आहे की आठवड्याची?” एवढंच विचारायचं. ओरडा बसला तरी चालेल.

आणि या गोष्टी वहीत लिहून ठेवा:

१. जीवनसत्त्वाची गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही, आणि दुसऱ्याची तर मुळीच घ्यायची नाही. कमतरता आहे की नाही, हे डॉक्टर सांगतील.

२. आठवड्याच्या गोळीचा वार ठरवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा. गोळी घेतली की गोलात फुली मारा.

३. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. काय करायचं ते डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारा.

४. ठरलेल्या गोळ्या संपल्या की जुन्याच चिठ्ठीवर पुन्हा आणायच्या नाहीत.

५. टॉनिक, पावडर, गोळी अशी दोन-तीन औषधं चालू असतील तर ती सगळी डॉक्टरांना दाखवा. एकच जीवनसत्त्व तिन्हींत असू शकतं.

६. गोळ्या धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाची रंगीत गोळी त्यांना चॉकलेटसारखी वाटते, पण मूठभर खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. असं झालंच तर वाट बघत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना शेजारी बसवून चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा. गोळ्या मोजा. हिशेब जुळतो का बघा. नाही जुळला तर गप्प बसायचं नाही, कबूल?

आमचा तो दोन्ही हात पुढे करणारा पठ्ठ्या आता सोमवारी रांगेत सगळ्यांना बजावत असतो, “एकच हं! उधारी नाही!”

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई