उंदराचा मनोरा आणि मांजराचा किल्ला

दोस्तांनो, आज आपण बोटीत बसायचं आहे. नदी ऱ्हाईन, देश जर्मनी. बिंगेन गावापासून उत्तरेकडे कोब्लेंझपर्यंत, साधारण ६५ किलोमीटर. दोन्ही काठांना उभे डोंगर, त्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे, पायथ्याशी तटबंदीची जुनी गावं आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर एक किल्ला! २००२ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

निघाल्या निघाल्या एका बेटावर उंच मनोरा दिसतो. त्याचं नाव 'उंदरांचा मनोरा'. गोष्ट अशी सांगतात, की हाट्टो नावाच्या आर्चबिशपने दुष्काळात धान्य मागायला आलेल्या गरिबांना कोठारात कोंडून जाळलं. वर म्हणाला, "ऐका, माझे उंदीर कसे चीं चीं करताहेत!" मग खरोखरचे उंदीर त्याच्या मागे लागले. तो पळत या मनोऱ्यात शिरला, पण उंदीर पोहत आले आणि त्यांनी त्याला खाऊन टाकलं.

आता गंमत बघा. हाट्टो दहाव्या शतकातला आणि मनोरा बांधला चौदाव्या शतकात! मग हे नाव आलं कुठून? जर्मन भाषेत जकातीला 'माउट' म्हणतात आणि उंदराला 'माउस'. या मनोऱ्यातून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवत. तेव्हा 'माउट'चाच 'माउस' झाला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला तर हे अगदी पटतं. कारण या खोऱ्यातले कितीतरी सुंदर किल्ले म्हणजे खरं तर टोलनाकेच होते!

काउब गावासमोरचा किल्लाच घ्या ना. १३२७ च्या सुमारास राजा लुडविगने तो भर नदीत, एका खडकाळ बेटावर बांधला. दुरून वाटतं, दगडाचं जहाजच नांगर टाकून उभं आहे. इथे नदीत साखळी ताणलेली असे. जकात भरा, मग साखळी खाली. एका नाक्यावर सुटका झाली, की पुढच्या वळणावर दुसरा नाका हजर. व्यापाऱ्यांचं काय होत असेल!

शेवटी शहरं चिडली. सांक्ट गोआर गावाच्या डोक्यावर ऱ्हाईनफेल्स नावाचा किल्ला आहे. तिथल्या सरदाराने जकात वाढवली, तेव्हा १२५५ साली ऱ्हाईनकाठच्या शहरांनी एकजूट करून किल्ल्याला वेढा घातला. वर्षाहून जास्त काळ वेढा चालला, पण किल्ला काही पडला नाही. शहरं हात हलवत परत गेली. त्याच घराण्याने पुढे समोरच्या काठावर आणखी एक किल्ला उभारला. त्याला लोक 'मांजर' म्हणतात. जवळच ट्रियरच्या आर्चबिशपचा किल्ला होता, त्याचं नाव पडलं 'उंदीर'!

यातले बहुतेक किल्ले पुढे लढायांत पडले. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग तेवढा कधीच उद्ध्वस्त झाला नाही. एकच किल्ला बघायला वेळ असेल, तर तो बघावा.

आणि जकात? १८६८ साली मानहाइम शहरात नदीकाठच्या देशांनी करार केला आणि ऱ्हाईनवरची वाहतूक जकातीतून मोकळी झाली. आज कोळसा, तेल, धान्य, खडी भरलेली लांबलचक जहाजं काउबच्या किल्ल्यासमोरून न थांबता जातात. बिंगेन ते कोब्लेंझच्या वेशीपर्यंत नदीवर एकही पूल नाही, त्यामुळे माणसं आणि मोटारी तराफ्यासारख्या फेरीबोटींतून इकडून तिकडे जातात.

पण जहाजांना काउबकडे लक्ष ठेवावंच लागतं. इथे नदी उथळ आहे आणि पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्टीवर फक्त २५ सेंटिमीटरचा आकडा दिसला. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो, त्यामुळे मधल्या खोल भागात त्याहून मीटरभर जास्त पाणी होतं. तरीही पूर्ण भरलेलं जहाज तळाला लागलं असतं. म्हणून जहाजं थोडाथोडाच माल घेऊन जाऊ लागली. कारखाने आणि पेट्रोलपंप यांची पंचाईत झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा असंच आटलं.

तेव्हा बिंगेनजवळ नदीचा तळ उघडा पडला होता आणि लोक त्यावरून पायी चालत उंदरांच्या मनोऱ्यापर्यंत जात होते.