साठवण की राखण?

‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा शब्दप्रयोग पाटबंधाऱ्यांच्या परिभाषेत केव्हाच रूढ झाला आहे. दगडी खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसवायच्या फळ्या. पावसाळ्यापूर्वी फळ्या काढायच्या, पूर ओसरला की पुन्हा बसवायच्या. चार महिने फुगणाऱ्या आणि पुढे आटत जाणाऱ्या नदीचा स्वभाव ओळखून केलेली ही रचना आहे. पाहिलेले, ऐकलेले ज्ञान आपल्या भूमीला कसे जुळवून घ्यावे, याचा तो वस्तुपाठ होय. समुद्रतळाखाली कार्बन डायऑक्साइड साठवण्याची चर्चा वाचताना आम्हांला तो वारंवार आठवतो.

कारखान्यांच्या धुरातून हा वायू वेगळा करायचा, दाबाने दाट करायचा आणि खोल खडकांत सोडायचा, अशी ही कल्पना. नीती आयोगाने २०२२ साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे साहजिकच लक्ष जाते. सोबत उदाहरण येते नॉर्वेचे. तेथे १९९६ पासून स्लाइप्नर वायुक्षेत्रात समुद्रतळाखालील वालुकाश्मात हा वायू सोडला जात आहे. अनेक वर्षे हे प्रमाण वर्षाला सुमारे दहा लाख टन होते.

मात्र मुंबई हायचा मुख्य तेलधारक खडक चुनखडीचा आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते आणि आम्लाने चुनखडी झिजते. शिवाय दशकानुदशके खोदलेल्या विहिरींची छिद्रे तेथे आहेत. म्हणजे नॉर्वेची यंत्रे आणता येतील, खडक आणता येणार नाही. आपल्याला अधिक जवळचा धडा आइसलँडचा आहे. तेथे २०१२ साली पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. कोल्हापूरच्या पायाखाली बेसाल्ट आहे आणि तो पश्चिमेस अरबी समुद्राखालीही पसरला आहे. पण त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते, हेही विसरून चालणार नाही.

मग इतरांकडून शिकायचे काय? आमच्या मते, यंत्रांआधी हिशेब आणि जबाबदारी. नॉर्वेने १९९१ साली कार्बनवर कर बसवला. वायू हवेत सोडणे महाग झाले, म्हणून स्लाइप्नर उभे राहिले. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठवणस्थळ बंद केल्यावरही ते सर्वसाधारणपणे किमान वीस वर्षे चालकाच्या जबाबदारीवर राहते, त्यानंतरच ती शासनाकडे जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन प्रकल्पात २०१९ साली वायू जमिनीखाली सोडण्यास आरंभ झाला, पण ठरलेले प्रमाण गाठता आले नाही. नेदरलँड्समधील बारेन्ड्रेख्त गावाखाली साठवण करण्याची योजना रहिवाशांच्या विरोधामुळे २०१० साली सोडून द्यावी लागली. ही अपयशे यशांइतकीच अभ्यसनीय आहेत.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी एका शब्दापाशी थांबावे. ‘साठवण’ म्हटले की कणगी आठवते. साठवलेले धान्य कधीतरी बाहेर काढायचे असते. हा वायू बाहेर काढायचा नाही. तो बाहेर येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहायचे आहे. ही साठवण नव्हे, राखण आहे. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. किती मावेल, यापेक्षा राखणदार कोण, त्याचा खर्च कोणाच्या माथी आणि कंपनी उठून गेल्यावर उत्तर कोण देणार, हे विचारावे लागते.

हे प्रश्न प्रथम विचारण्याचा अधिकार कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांचा आहे. त्यांच्या समुद्राविषयीचे अहवाल केवळ इंग्रजीत राहिले, तर संमती ही सही-अंगठ्यापुरती उरेल. मोजमापांचे आकडे, गळतीच्या शक्यता आणि जबाबदारीची कलमे सुबोध मराठीत, पहिली विहीर खोदण्यापूर्वी त्यांच्या हाती पडली पाहिजेत. ते मराठी घडवण्याचे काम आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी अंगावर घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.